चिंध्या संपवायचा महिना

२ डिसेंबर

माळ्यावरून चिंध्यांची पोती काढली. तीन भरली! वर्षभर अख्ख्या धामणगावाचे ब्लाउज, फ्रॉक, परकर शिवले, त्याचं हे उरलंसुरलं. नवं साल लागायच्या आत यातली एकही चिंधी घरात ठेवायची नाही, सगळ्यांच्या गोधड्या करायच्या — हा माझा नेम, लग्न होऊन आले तेव्हापासूनचा. हे खाटेवरून म्हणतात, "तुये नेम सरकारले दे, राज्य सुधरून जाईन." तीस वर्षं ग्रामपंचायतीत कारकुनी केली, एक कपाट कधी आवरलं नाही, आणि मला बोलतात.

यंदा आधी लहान गोधडी. रेवतीच्या बाळाची. आठवा लागला पोरीला. चोवीस तारखेला जावई जानेफळहून आणून सोडणार आहेत. मोठ्या गोधड्या मग बघू.

४ डिसेंबर

अमीरबी आली दुपारी. दरवर्षी डिसेंबरात आमची बैठक ठरलेली. ती एका काठावर, मी समोरच्या, धावदोरा घालत घालत मधे भेटायचं. मूळची रोहिणखेडची, बाजारातल्या कापडवाल्या फकीर मोहम्मदची बायको. हात असा की टाके मोजपट्टी लावून बघावेत!

बाळाला कोरं कापड टोचतं, म्हणून आत यांची जुनी धोतरं घातली, धुऊन धुऊन मऊ झालेली. वरच्या तुकड्यांसाठी पोतं उलटं केलं. बारशाचे फ्रॉक, लग्नांचे ब्लाउज यांच्या चिंध्या इकडे. तेरवीला शिवलेल्यांच्या तिकडे. मी असलं काही मानत नाही. तरी तिकडे काढल्या.

अमीरबीने विचारलं, "अंगुस्तान कुठी गेलं तुयं?" म्हटलं, पोळ्यापासून बोटात घातलंच नाही, लागतच नाही. बोटं पक्की झाली माझी. सुई टोचली तरी कळत नाही! तिने स्वतःचं अंगुस्तान फिरवत माझ्याकडे पाहिलं. जळली असणार.

६ डिसेंबर

पिवळ्या तुकड्यावर लाल ठिपका. मग शेजारच्या पांढऱ्यावर दोन. रक्त!

मी अमीरबीवर ओरडले. बाळाचं कापड आहे, बोटं सांभाळून चालव म्हणून. तिने सुई खाली ठेवली आणि दहाही बोटं माझ्यापुढे पसरली. स्वच्छ. मग माझा डावा हात ओढून उलटा केला. तर्जनीला आणि मधल्या बोटाला भोकंच भोकं, काही ओली.

"दुखत नाही का व हे?"

"शिंपिणीचा हात आहे," मी म्हटलं. हसलीसुद्धा नाही ती. तुकडे उसवून धुतले. पिवळ्यावरचा डाग गेला नाही, तो तुकडा फेकला. जन्माआधीच बाळाच्या गोधडीला रक्त लागलं. हे बरं नाही वाटत मला.

९ डिसेंबर

डाव्या अंगठ्यावर हा एवढा फोड. तव्याचा असणार. कधी भाजलं तेच आठवत नाही.

१० डिसेंबर

माझे टाके वाकडे पडताहेत. माझे! वरचा हात सुई ढकलतो, पण गोधडी शिवते ती खालच्या बोटाने. टोक खाली आलं की खालचं बोट सांगतं, आलं बघ, फिरव आता. बत्तीस वर्षं सांगत आलं. आता काही सांगत नाही. मी अंदाजाने फिरवते.

बाजारातून आले तर डाव्या पायात चप्पल नव्हती. कुठे निघाली पत्ता नाही. हे म्हणाले, "म्हातारी झाली तू." एरवी चिडले असते. भीती वाटते मला. कशाची ते माहीत नाही, पण वाटते.

१२ डिसेंबर

सुई मोडली. टोक सापडत नाही.

गोधडी जवळपास झाली होती, एक कोपरा राहिला होता. जाड शिवणीत जोर लावला आणि कट् झालं. मागचा भाग हातात, पुढचा गायब. गव्हाच्या दाण्याहूनही लहान असेल. चटई झटकली, अंगावरची साडी बदलून झटकली, फरशी ओल्या फडक्याने पुसून फडकं उन्हात धरलं. टाचण्या उचलायचा लोहचुंबक गोधडीवरून उभा फिरवला, आडवा फिरवला. काही नाही.

म्हणजे आत आहे. धोतराच्या थरांत कुठेतरी. आणि त्यावर रेवतीचं बाळ झोपणार, लोळणार, तोंड घासणार. हे म्हणाले, "फेकून दे, दुसरी कर." फेकली तरी कोणीतरी उचलणारच की. मला जेवण गेलं नाही.

१३ डिसेंबर

सगळी गोधडी उसवली. अमीरबी एका बाजूने, मी दुसऱ्या. अकरा दिवसांचं काम चार तासांत चिंध्या झालं. एकेक तुकडा उजेडात धरायचा, चोळायचा, बाजूला ठेवायचा. शेवटचा तुकडा बाजूला गेला. टोक नाही.

मी रडायच्या बेतात होते. अमीरबी एकदम म्हणाली, "हात दाव." मधलं बोट सुजलेलं होतं, पेराजवळ पिवळं झालेलं. तिने दाबलं. पू आला. आणि त्यात काळं काहीतरी.

चिमट्याने ओढून काढलं तिने. टोकच ते! काल दुपारपासून माझ्या बोटात होतं. त्याच बोटाने मी स्वयंपाक केला, कपडे धुतले, गोधडी उसवली. ती ओढत होती तेव्हा मी निवांत बघत होते. डोळे तिचेच भरले.

"वासंती, हे शिंपिणीचं बोट नाही व," म्हणाली. "दवाखान्यात चाल."

म्हटलं, रेवती आल्यावर बघू. मधुमेह असेल.

१५ डिसेंबर

अर्पिता आली होती, आपल्या आळीची आशा सेविका. घरोघर तपासणी चालू आहे. कसली, ते तिने आधी सांगितलं नाही. अंगावर डाग आहेत का, चट्टे आहेत का, असं विचारत होती. मी नाही म्हणून सांगून टाकलं, पण अमीरबी बसली होती ना! "दावून दे कोपर," म्हणाली. कोपराच्या वर फिकट चट्टा आहे माझ्या, वर्ष झालं असेल. मी नायटा समजत होते, मलम लावत होते.

अर्पिताने डोळे मिटायला सांगितलं. "पेन टेकवते काकू. जिथं लागन तिथं बोट ठेवा." मी बोट ठेवत गेले. खांदा. दंड. मनगट. मग बराच वेळ काही नाही. मी म्हटलं, झालं का तुझं? टेकव ना.

डोळे उघडले तर पेन चट्ट्यावरच होतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, कुष्ठरोगाचा संशय आहे. उद्या सरकारी दवाखान्यात या, डॉक्टर पाहातीन. गोळ्या फुकट आहेत. पूर्ण बरा होते."

मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

१६ डिसेंबर

महारोग. लिहून टाकला एकदाचा शब्द.

गेले नाही दवाखान्यात. जाणारही नाही. माझ्या माहेरी नदीच्या काठाला एक बाई राहायची, एकटी, गावाच्या बाहेर. तिचं नावसुद्धा कोणी घेत नव्हतं. माझे वडील भले माणूस. तेसुद्धा भाकरी दगडावर ठेवून मागे सरकायचे. मी सात वर्षांची असेन, मला तेव्हा ते बरोबरच वाटायचं.

आणि रेवतीची सासू! सोयरीक ठरताना त्या बाईने आमच्या सात पिढ्यांचे आजार विचारले होते. दमा आहे का, कोड आहे का, वेड कोणाला लागलं होतं का. हिला कळलं तर रेवतीला इकडे पाठवणार नाही. पाठवली तर परत नेणार नाही. पोटातल्या लेकरासकट पोर दारात उभी राहील, आणि ते माझ्यामुळे.

यांनाही सांगितलं नाही. अर्पिता विचारायला आली, तिला शपथ घातली. ती म्हणाली, "मी कोणाले सांगत नाही काकू. पण आज ना उद्या बोटं वाकडी होतीन. मंग गोळ्यांनीबी सरळ होत नाहीत."

चिंध्यांतून लागलं असेल का? कोणाच्या अंगातलं कापड? विचारलं मी तिला. कापडातून होत नाही म्हणाली. वर्षानुवर्षं जवळ राहिलेल्या, औषध न घेतलेल्या माणसाकडून होतो. कोण ते माणूस? वर्षानुवर्षं माझ्या जवळ राहिलं कोण? डोकं भणभणलं आठवून आठवून.

१८ डिसेंबर

गोधडी पुन्हा घातली. आता टाका घालताना बोटाकडे बघत बघत शिवते. तासाला वीतभर होते.

१९ डिसेंबर

अमीरबीशी भांडण. तिने समोर बसून सुई ओवली आणि शांतपणे म्हणाली, "रेवती येईन. बाळ होईन. पह्यलं कोण घेईन त्याले? तू. दवाई न घेता घेशीन?"

मी म्हटलं, तुझं काय जातंय? तुझी पोर सुखात आहे. तुला काय कळणार विहिणीचं दुखणं.

"मले काही कळत नाही," ती म्हणाली. "पण तू लपून राह्यली ते रेवतीसाठी नाही. तुले लाज वाटून राह्यली."

निघ माझ्या घरातून, म्हटलं मी. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. ती उठली, सुई नीट दोऱ्याच्या गुंडीला टोचून ठेवली आणि गेली.

खरं बोलली म्हणून राग आला, हे इथे लिहिते. तिच्यासमोर कबूल नाही करणार.

२२ डिसेंबर

करंगळी सरळ होत नाही. ताटलीवर हात दाबून ठेवला, उचलला की पुन्हा वाकते. हे बघत होते. मी पदराखाली घेतली.

२३ डिसेंबर

गोधडी झाली. एकटीने केली. अर्धे टाके अमीरबीचे नाहीत हे मला दिसतं, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. चुंबक सात वेळा फिरवला.

२४ डिसेंबर

आली माझी पोर! पोट पुढे, चेहरा सुकलेला. जावई चहा पिऊन लगेच गेले. विहीणबाईंनी फोनवर तीनदा बजावलं, "इहीणबाई, आमची अमानत हाय तुमच्यापाशी. जशी देल्ली तशी वापस पाह्यजे."

रेवतीने गळ्यात हात टाकला. मी खांदा मागे घेतला. का केलं मी असं? तिला कळलं ते.

मी माझी ताटवाटी वेगळी ठेवली आहे. हे जेवताना एकदा ताटाकडे बघतात, एकदा माझ्याकडे. विचारत नाहीत. विचारतील या भीतीने मी समोर बसत नाही.

२७ डिसेंबर

"आई, पाठीले तेल लावून दे ना. कंबर लय दुखते." रोज म्हणते. रोज मी काहीतरी काढते. शिवण आहे, गिऱ्हाईक आलंय, हात दुखतो. आज म्हणाली, "सासरी कोणी हात लावत नाही. तुले तरी का झालं? मी जड झाली का तुले?"

आणि रडली. पोटुशी पोर माहेरी येऊन रडते! मी चुलीकडे तोंड करून बसले. कोणासाठी करतेय हे सगळं मी? जिच्यासाठी करते तीच रडते.

"सासरी कोणी हात लावत नाही" हे काय बोलली, ते विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

२९ डिसेंबर

दोन पोती चिंध्या तशाच पडून. यंदा नेम मोडणार. मोडू दे.

रस्त्यात अर्पिता भेटली. मला बघून गर्दीतच थांबली. मी दुसरी गल्ली धरली.

३० डिसेंबर

रेवतीने गोधडी पोटावर पसरून पाहिली. म्हणाली, इतली मऊ कशी केली. मग, "उद्या तरी तेल लावशीन?"

लावीन म्हटलं. डाव्या हाताला फडकं गुंडाळून लावीन, भाजलंय म्हणून सांगेन.

३१ डिसेंबर

दुपारी दार लावून तेल घेऊन बसले. रेवतीने ब्लाउज सोडला, पाठ केली, डोळे मिटले. उजव्या खांद्याच्या खाली फिकट चट्टा. तळहाताएवढा. मी त्यावर बोट ठेवलं. मग चांगलं दाबलं. मग नख लावलं.

ती म्हणाली, "आई, सुरू कर ना. थांबली काऊन?"

अर्पिताला फोन केला. दोघींची नावं लिहून घे म्हटलं.