दाराबाहेरचे पिवळे बूट

तांपेरे, गुरुवार

मार्केताबाई,

तुमच्या समुपदेशनाच्या खोलीबाहेर दर गुरुवारी माझ्या हेल्काचे पिवळे बूट दिसतात. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दुधाची गाडी तिथूनच ढकलत नेते. मुलीने नको म्हटलं तर आईबापाला काही सांगायचं नाही, हा तुमचा नियम मला पाठ आहे. पण जीव थाऱ्यावर राहत नाही हो! चौदा वर्षांची पोर तासभर सांगते तरी काय?

गेल्या गुरुवारी घरी विचारलं, "आज शाळेत काय विशेष?"

"वाटाण्याचं सूप. गुरुवारी दुसरं काय असतं? तूच तर ढवळलंस."

म्हणून आज मी तुमच्या दाराला कान लावला. लिहितानाही लाज वाटते. आतून हेल्का म्हणत होती, "बाबा सोडून गेल्यापासून आई जेवतच नाही. तीनशे मुलांना वाढते आणि घरी नुसती ताटाकडे बघत बसते. विचारलं की म्हणते, मी बरी आहे. मला फार भीती वाटते."

मी गाडी तिथेच टाकून पळाले.

तुमची माफी मागायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. आता ते देणार नाही. कारण मघाशी हेल्काने माझ्यापुढे ताट सरकवलं. मी सवयीने म्हटलं, "मी बरी आहे गं."

"आई, तुझ्या ॲप्रनचा सुपाचा वास दाराखालून आत येतो," ती म्हणाली. "तो आला म्हणूनच मी मोठ्याने बोलले. पुढच्या गुरुवारी दार वाजव."

हेल्काची आई,
ऐला