झील कोण धरणार

तुमसर,
रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

श्यामराव,

सात महिन्यांत तुझी तीन पत्रे आली आणि माझ्याकडून एक ओळ गेली नाही, याबद्दल माफी असावी. शाळा, परीक्षा, धानाची कापणी अशी कारणे आधी लिहून काढली होती. खरी नव्हती, म्हणून तो कागद फाडला. वरती 'प्रिय' लिहावे की नाही यावरही बराच वेळ गेला. घरी सगळे बरे आहे. चंद्रकांताची कंबर आता दुखत नाही.

सत्कार समितीची पुस्तिका मिळाली. कागद फार गुळगुळीत आहे. धुरपताबाईंचा फोटो अर्ध्या पानावर आणि अध्यक्षांचा पूर्ण पानावर, म्हणजे सत्कार कुणाचा याविषयी शंका राहत नाही. जिने वीस वर्षे चिखल्याच्या खाणीवर दगड फोडले आणि मजुरांच्या सभांत गाणी रचून म्हटली, तिला तुम्ही 'मातीचा सुगंध' म्हटले आहे. त्या मातीने तिच्या शेजारणी खोकून खोकून गेल्या. तुमच्यापैकी कुणी ती हुंगली असेल असे वाटत नाही. संपाच्या गाण्यावर कॉलेजच्या मुली टिपऱ्या खेळणार, हेही वाचले. तू नागपुरात कॅसेटचे दुकान काढलेस तेव्हाच मला हे कळायला हवे होते.

आता बाईंच्या जुन्या गाण्यांची कॅसेट तू काढतोस, त्या प्रस्तावनेचे. तीन वर्षे मी तिच्यामागे उभा राहून झील धरली, म्हणून ती मी लिहावी असे तू म्हणतोस. लिहावी कसली, मसुदा तूच पाठवला आहेस, मी सही तेवढी करायची. 'वार्धक्यामुळे बाईंना ध्वनिमुद्रणाच्या वेळी शेवटचे कडवे आठवले नाही.' ते मुद्रण १९७४ चे. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. तुझे आजचे वय त्याहून जास्त आहे आणि तुला आपले कमिशन व्यवस्थित आठवते.

'कडवे आठवले नाही', याच एका वाक्यावर तेव्हा तिचे गाणे संपले. बाईंच्या स्मरणाचा भरवसा नाही, असे मुंबईच्या रेकॉर्डवाल्यांनी कळवले आणि ठरलेली रेकॉर्ड निघाली नाही. पुढे सभांनाही लोक तिला बोलवेनासे झाले. विसरणारी बाई, असेच नाव पडले.

ते गाणे तुला आठवते का? नाकाडोंगरीच्या वळणावर दगडाचा ट्रक उलटला, वर बसलेल्या तीन बाया गेल्या. ड्रायव्हर प्याला होता, असे मालकाने लिहून दिले. ब्रेक दोन महिन्यांपासून लागत नव्हते, हे साऱ्या वस्तीला माहीत होते. धुरपताबाईंनी गाणे बांधले. शेवटी त्या विचारायच्या, "गाडीचा मालक कोन गा?" आणि झील धरणाऱ्यांनी नाव घ्यायचे. त्या स्वतः नाव कधीच घेत नसत. एकीने नाव घेतले तर ते भांडण, मागच्यांनी घेतले तर ती साक्ष, असा त्यांचा नेम होता.

मुद्रणाच्या दिवशी झील धरणाऱ्या बाया पाळीवर गेल्या होत्या. मी एकटा होतो. तुझे डोळे टेपरेकॉर्डरच्या सुईवर होते, म्हणून तुला काही दिसले नाही, असे मी इतकी वर्षे धरून चाललो आहे. पण कदाचित दिसलेही असेल.

तिने तीनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारताना मागे वळून माझ्याकडे पाहिले. मग माइककडे तोंड करून म्हणाली, "इसरली मी. बंद करा, भाऊ."

ती विसरली नव्हती. मी नाव घेतले नाही. आदल्या सोमवारी माझे साक्षगंध झाले होते, तुमच्या आजच्या अध्यक्षांच्या, आनंदरावांच्या मुलीशी, चंद्रकांताशी. ट्रक त्यांचाच होता. तिला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. मला वाचवायला तिने विसरण्याचा दोष स्वतःवर घेतला, आणि मी तो तिच्याकडेच राहू दिला, बारा वर्षे. महिनाभरात शाळेत नोकरीही मिळाली. कुणाच्या शब्दावर, ते तू जाणतोस.

हे सगळे मी पश्चात्तापाने लिहितो आहे, की तुझ्या पुस्तिकेच्या चिडीने? तुला तुच्छ लेखताना मला किती बरे वाटले, ते वरच्या ओळी वाचून ध्यानात आले. तू कागदावर खोटे लिहिलेस. मी तर तेवढेही कष्ट घेतले नाहीत, नुसता गप्प राहिलो.

मागच्या रविवारी समितीचे निमंत्रण घेऊन चिखल्याला गेलो होतो. तिने चहा दिला, पोरांची चौकशी केली. बावीस तारखेला मंचावर गाल का, म्हणून विचारले. म्हणाली, "गाईन ना, मास्तर. पन झील कोन धरते?" मी चहा पीत राहिलो. निघताना तिने शेतातली वांगी दिली आणि ती मी घेतली.

आज दुपारी चंद्रकांताला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "ते गाणं मले पूरं येते. आमच्या घरी भांडे घासणाऱ्या बाया म्हणत. मी आली का चूप बसत." थोड्या वेळाने विचारले, "बाबाच्या तोंडासमोर म्हणाल?" मी हो म्हणालो. तिने सूप झटकले आणि आत गेली. मग संध्याकाळी आठवडाभर पडून असलेली ती वांगी तिनेच चिरली.

मसुदा सहीविना परत पाठवतो आहे. कॅसेटमधले ते तीन प्रश्न कापू नकोस. कापायचे असतील तर माझे नावही काप. बावीसला अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी तू बसशील. त्यांचे नाव माझ्या तोंडून येईल तेव्हा सुईकडे पाहू नकोस.

जो त्या दिवशी गप्प राहिला, तो
केशव

उद्याचे काम: सकाळच्या एसटीने चिखल्याला जाऊन धुरपताबाईंना सांगणे, झील मी धरतो.