झिजलेले दाते

४ फेब्रुवारी
१. आमच्या संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी आत्याने तिच्याजवळचा शिंगाचा कंगवा दिला होता.
२. एका टोकाचे दाते तिरपे झिजून आखूड झालेले.
३. मी बाकीचे कानशीने घासून सगळे एका उंचीचे केले. पॉलिश केलं.
४. आज परत दिला. आत्याला आता नीट दिसत नाही. तिने दात्यांवरून अंगठा फिरवला. "हा आमचा नव्हे गं. बदलला तुमच्याकडे कुणीतरी."
५. मी चपला घातल्या आणि निघाले.

५ फेब्रुवारी
कंगवा ताईचा, म्हणजे आत्याच्या मुलीचा. ताई डावखुरी. ओले केस, मान वाकडी, नेहमी त्याच टोकाने खसाखसा विंचरायची. माझ्याही वेण्या तीच घालायची. ती गेली तेव्हा आत्याने तिचे कपडे वाटून टाकले, कंगवा तेवढा ठेवला.

हे मला माहीत होतं. तरी टेबलावर आला तेव्हा मला फक्त कमी-जास्त दाते दिसले! साहेब म्हणाले, अगदी नवा दिसतोय. मी दिवसभर खूश होते.

६ फेब्रुवारी
दालनातला फलक पुन्हा वाचला. शिंग तापवून मऊ करायचं, दाबून सपाट करायचं, करवतीने एकेक दाता पाडायचा. पुढे सेल्युलॉइड आलं, मग प्लास्टिक — साच्यातून हजारो, सगळे सारखे. शेवटचं वाक्य : झिजेवरून वापरणाऱ्याचा हात ओळखता येतो.

फलक मीच लिहिलाय. वा, बाई!

८ फेब्रुवारी
कंगवा बदलला म्हणून आत्याने साहेबांना फोन केला. दालनाच्या किल्ल्या रखवालदारकाकांकडे, म्हणून त्यांना बोलावलं. त्यांनी टोपी काढली. "साहेब, डोक्यावर एक केस नाही. कंगवा नेऊन पाठ खाजवू?"

सगळे हसले. मीही. किल्ल्या मात्र साहेबांनी काढून घेतल्या. जाताना काका माझ्यापाशी थांबले. "मॅडम, तुम्ही तरी सांगा त्यांना."

मी म्हटलं, बघते.

बघते!

९ फेब्रुवारी
आत्याचा फोन. तू तिथे आहेस म्हणून मला घोर नाही, म्हणाली.

१० फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं. काकांना किल्ल्या मिळाल्या. माझ्याशी ते बोलले नाहीत. आत्याने फोन उचलला नाही, म्हणून निरोप ठेवला — "आत्या, कंगवा तोच आहे. ताईची झीज मी घासून काढली. मी घरी आलेलं चालेल का, शुक्रवारपर्यंत कळव."