गाऱ्हाणं मागे घेता येतं का?

कांजूरमार्ग, मंगळवार

सौ. रत्नप्रभा हिस, मुंबईहून गुणाजीचा आशीर्वाद.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. सूनबाई सकाळी पेज करून देते.

डॉक्टरीणबाईंनी मांडीवरच्या गाठीत सुईने विषाणू सोडलाय. कॅन्सर घालवायला दुसरा रोग आत घालायचा, हे काय मला कळत नाही. दुसऱ्याच दिवशी ताप भरला. औषध बंद करतील म्हणून मी तो लपवला, तर बाई ओरडल्या, "काका, हा यायचाच होता! तुमचं शरीर जागं होतंय."

आता मानेवरची गाठही हाताला लहान लागते. तिला तर कोणी सुई लावलीच नव्हती! बाई म्हणतात, शरीराने एकदा शत्रू ओळखला की तो असेल तिथे जाऊन मारतं. पण नक्की एवढ्यात सांगत नाहीत.

आपल्या नितेशने तापाचं कळवल्यावर तू देवळात गाऱ्हाणं घातलंस म्हणे, ताप उतरू दे म्हणून. त्या दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्या चढलीस?

आता ते गाऱ्हाणं मागे कसं घ्यायचं? गुरवाला विचार. नाहीतर तूच देवाला सांग, "ताप ऱ्हवांदे, माझो घोव तेवढो परत धाड."

तुझा,
गुणाजी