पदराखालचे हात

प्रिय माय,

उद्या सकाळी तुझी पणती घाटावर येणार आहे. "आजी, मले मशीनची नाव शिकव," म्हणून माझ्या मागे लागली आहे. तेव्हापासून तू डोक्यातून हटत नाहीस, म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. नदीवर जाऊन मोठ्याने वाचून दाखवीन.

ऐंशी साल नुकतंच लागलं होतं. बाबांचे पाय लकव्याने गेले आणि वैनगंगेवरची आपली नाव घाटालाच बांधून पडली. मशीन तर नवीकोरी! काका म्हणाले, विकून टाका. तू बाबांना खाटेसकट काठावर आणवलंस. त्यांनी खाटेवरून ओरडून सांगायचं आणि तू मशीनची दोरी ओढायची. होळीपर्यंत तू सराईत झालीस, आणि मला म्हणालीस, "आता तू बस. मी पडली आजारी, तं घर कोन चालवन?"

मी मशीनचा दांडा धरला की तू दोन्ही हात पदराखाली घ्यायचीस. मला राग यायचा. नाव बुडायला आली तरी ही बाई हात लावणार नाही की काय?

आपल्या ढिवर नावाड्यांच्या अंगात नाव रेटायचा बांबू मुरलेला. काठ आला की शेवटचा रेटा सगळ्यांत मोठा, म्हणजे नाव रेतीवर चढते. मी मशीनलाही तोच रेटा दिला. पंखा रेतीत घुसला, त्याची पिन तुटली.

"तोडली ना? आता तूच बसव," तू म्हणालीस. "मशीन काठाच्या आंधीच बंद करा लागते. बाकीची वाट नाव सोताच चालते."

मग धानाच्या रोवण्याचे दिवस आले. नदी दोन्ही काठांना लागलेली, आणि पलीकडच्या शेतांतल्या बांध्यांत जायला आसगावच्या बाया घाटावर उभ्या.

"पोरीच्या हाती नाव कायले दिली वो?" एकीने विचारलंच. त्या दिवशी त्या बसल्या नसत्या, तर पुन्हा कोणीच बसलं नसतं.

"मी बसून राहिली ना नावेत. मंग?" म्हणत तू मधोमध बसलीस, माझ्याकडे पाठ करून. तेव्हा कुठे त्या चढल्या.

धारेत नाव थरथरली. तू मागे वळून पाहिलं नाहीस. काठ दिसला तसा माझा हात रेटा द्यायला शिवशिवत होता, पण मी मशीन बंद केली. नाव आपसूक घाटाला लागली.

"उतरा वो, पाय सांभाळून," एवढंच तू बोललीस. एकदा शाब्बास म्हटलं असतंस, तर काय बिघडलं असतं ग?

संध्याकाळी भात वाढताना तुझ्या तळव्याला चिंधी दिसली. पदराखाली तू स्वतःचंच मनगट इतकं आवळलं होतंस की बांगड्या फुटून काचा तळव्यात रुतल्या होत्या.

"बांगड्या वाढल्या," म्हणालीस आणि पुढे भात वाढत राहिलीस. तुझ्याएवढी धीराची बाई मी आजवर पाहिली नाही, माय.

उद्या नात दांडा धरेल, तेव्हा माझेही हात पदराखालीच राहतील. बांगड्या कितीही वाढल्या तरी.

तुझीच,
देवका