बाबांच्या निरोपातला माझा ‘हं’

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. मी इथे मजेत आहे. तुम्ही सगळेही मजेत असाल. असाल कशाला, आहातच, दर रविवारी तू तसं सांगतोस. वहिनीचा गुडघा कसा आहे?

हे मेलवर पाठवतेय, पण पत्र म्हणूनच वाच. चहा पीत, अंगठ्याने भराभर वर सरकवत नको. फोन मुद्दाम केला नाही. मी आवाज चढवला की तुझी रेंज जाते, हे मला आता पाठ झालंय.

आधी इथलं सांगते. खोली तीच. खिडकी चार बोटं उघडते आणि अडते. स्वयंपाकघर सगळ्या मजल्याचं मिळून एक, आणि दुधाच्या बाटलीवर नाव लिहिलं तरी कोणीतरी पिऊन टाकतंच. परदेशातलं हे एक वर्ष म्हणजे काय याची मी घरी केवढी स्वप्नं रंगवली होती! निम्मं वर्ष दुसऱ्याची भांडी घासण्यात गेलं. पण तास मात्र चांगले असतात. सकाळी इंग्रजी वाङ्मय, दुपारी भाषाविज्ञान. वाङ्मयाच्या बाई सध्या एकच गोष्ट घोकून घेताहेत: गोष्ट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो काय गाळतोय ते बघा. मी मान डोलावते, छान छान मुद्दे काढते. आणि रविवारी तुझ्या फोनवर डोळे मिटून विश्वास ठेवते. शाबास माझी.

दुपारच्या सरांना बाबांचं रेकॉर्डिंग फार आवडलं. आठवतंय ना, निघायच्या आधी मी यंत्र घेऊन त्यांच्या मागे लागले होते? भाजीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस श्वास नक्की घेतो कुठे, आणि तोच माणूस घरी आल्यावर कसा बोलतो, असा माझा प्रोजेक्ट. बाबा आपल्या भांडखोर पोरीला म्हणायचे, "वकील, माझ्याकडे इतकं लक्ष तर तुझ्या आईनेही कधी दिलं नाही." सरांनी विचारलं, तुझे वडील एकदा पडद्यावरून वर्गाशी थेट बोलतील का? म्हणून मी तुला विचारलं. तर म्हणे बाबांचा घसा बसलाय. मग म्हणे कॅमेरा बिघडलाय. मग म्हणे झोपलेत. भरदुपारी! बाबा! दिवसा आडवं झालं तर पाप लागेल असं ज्याला वाटतं, तो माणूस!

आणि त्याऐवजी तू बाबांचे आवाजी निरोप पाठवायला लागलास. "जेवलीस का? आधी जेव, मग जग जिंक." "थंडी वाजतेय? मग अंगावर घे की काहीतरी." मी ते जपून ठेवले. बसमध्ये ऐकायचे. एकदा तर मोठ्याने उत्तर दिलं, तेव्हा शेजारची बाई जागा सोडून उठली.

परवाचा निरोपही तसाच ऐकला. बाबा म्हणतात, "अभ्यास सोडून दुसरं काही करायचं नाही. कळलं?" आणि त्यानंतर अगदी हळू कोणीतरी म्हणतं, "हं."

दादा, ती मी आहे.

मी इथे, आणि माझा "हं" बाबांच्या खोलीत? अरे, कापायला बसलास तर नीट कापायचंस तरी! ते सगळं रेकॉर्डिंग मी कानाला लावून शब्द न् शब्द उतरवून काढलंय. बाबा कुठे थांबतात, कुठे पाणी पितात, खुर्ची कधी करकरते, मला सगळं तोंडपाठ आहे. तरी इतके दिवस ओळखलं नाही, कारण ते निरोप मला नवेच हवे होते. जगात एकाच माणसाला ही बनवाबनवी कळली असती, आणि तू नेमकी त्याच माणसाला ती पाठवलीस. मग मी बाकीचे निरोप मूळ रेकॉर्डिंगशी लावून बघितले. त्यात नवा एकही नाही. एकही नाही, दादा!

मला काय दूधखुळी समजलात? "तिला कळवू नका, तिचं वर्ष वाया जाईल," असंच ठरलं असणार ना? वर्ष माझं आहे, वाया घालवायचा हक्कही माझाच. आई असती तर तिने तुला लाटण्याने बडवलं असतं. वहिनीसुद्धा सामील! ती तर मला म्हणाली, बाबा फिरायला गेलेत.

काय झालंय बाबांना? हे पहिल्या ओळीत विचारायचं होतं, आणि मी गुडघ्याची चौकशी करत बसले, कारण मला उत्तराची भीती वाटते. बाबा आहेत ना? ते आधी सांग. मग माझ्या शिव्या खा.

खरं लिही. गोलगोल लिहिलंस तर पुन्हा तोंड बघणार नाही तुझं.

तुझीच,
धाकटी


५ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

बाबा आहेत. आधी हे वाच, दोनदा वाच, आणि मग पुढे ये.

मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस, मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. जमेल तसं सांगतो. तू गेलीस त्यानंतर थोड्याच दिवसांनी लिलाव चालू असताना बाबा मध्येच थांबले. लोकांना वाटलं, म्हातारा भाव चढवतोय. कोणी हसलंसुद्धा. मग ते टोपल्यांवर कोसळले. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला. उजवा हात गेला, धरलं की चालतात. सगळं कळतं, अगदी बारीकसारीक. पण वाचा गेली. एकच शब्द उरलाय, "चला." एक माल गेला की दुसऱ्याकडे वळताना म्हणायचे ना, तोच. पाणी हवं, "चला." औषध नको, "चला." बातम्या बघून राग आला, "चला चला चला."

तुझा फोन आला की डाव्या हाताने उडवून लावतात. माझा जुना फोन त्यातच फुटला. मी काय करायचं होतं, तूच सांग.

तू मला लबाड ठरवलंस. कापाकापी मी केली, मान्य, आणि गचाळ केली तेही मान्य. पण वाक्यं निवडली कोणी? तू संगणकात ठेवून गेलीस ते सगळं मी त्यांचं मन रमावं म्हणून लावलं होतं. ते ऐकत बसले. आणि एकदम माझं मनगट धरलं. मागे घे, अजून मागे, अशी खूण. "जेवलीस का" आलं तेव्हा तुझ्या फोटोकडे बोट केलं. मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी बाहेर जाऊन आलो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमचं हेच. मी लावतो, ते ऐकतात. हे नको, हेही नको, आणि हवं ते सापडलं की मान हलवतात. परवाचं वाक्य शोधायला आठवडा गेला. कारण मी म्हटलं होतं, बाबा, बस झालं, आता तिला सांगू या. त्यावर त्यांचं उत्तर ते. "अभ्यास सोडून दुसरं काही करायचं नाही." तुझा "हं" मला ऐकू आला नाही. गॅरेजमध्ये राहून माझे कान गेलेत.

तेव्हा बनवाबनवी म्हण, काहीही म्हण, पण तुला आलेलं प्रत्येक वाक्य बाबांनीच पाठवलंय.

आणि आता माझंही ऐक. तू तिकडून ओरडतेस, सोपं आहे. इथे त्यांना आंघोळ मी घालतो. भरवते तुझी वहिनी, सुजलेला गुडघा घेऊन. आम्ही कसे आहोत, हे इतक्या महिन्यांत तू विचारलंस का? गुडघ्याचं विचारलंस, तेही टोमणा मारायला.

ये म्हणत नाही, येऊ नकोस म्हणत नाही. तुझं तू ठरव. मी थकलो गं.

दादा


६ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा,

हे दादा वाचून दाखवेल. दादा, एकही शब्द गाळलास तर याद राख. तुला वेगळं लिहितेय, त्यात ओरडणं नाही. तू कसा आहेस ते विचारलंय, आणि वहिनीलाही.

बाबा, माझा राग गेलेला नाही. तो दादावर होता, आता तुमच्यावर आहे.

दादाचं पत्र वाचून मी खूप रडले. मजल्यावरच्या मुली दार वाजवून गेल्या. तुम्ही रोज संध्याकाळी बसून माझ्यासाठी एकेक वाक्य वेचलंत. मला जन्मात कोणी असं काही दिलं नाही, हे कबूल. पण रडून झालं आणि पुन्हा डोकं तापलं. त्या ढिगात "मला बरं नाही" असं एकही वाक्य नव्हतं. कसं असणार? तेव्हा तुम्ही ठणठणीत होतात! आणि तुम्हाला ते सोयीचंच पडलं. जे सांगायचं नव्हतं, त्याला शब्दच नाहीत म्हणून सुटलात.

फोन का उडवता? लाज वाटते? कोणाची, माझी? सरांनी तुमची वाहवा केली, वर्ग खूश झाला, हे मीच दादामार्फत कौतुकाने कळवलं होतं. म्हणून तुम्हाला वाटलं, पोरीला तोच बाजार गाजवणारा आवाज हवा. खड्ड्यात गेला तो आवाज! त्यावर माझा प्रोजेक्ट झाला, मार्क मिळाले, संपलं. मला बाप हवाय.

आई सांगायची, मी बोलायला फार उशिरा लागले. कितीतरी दिवस माझा एकच शब्द होता, "बू." दूध हवं तरी बू, कडेवर घ्या तरी बू, तुमचा राग आला तरी बू. लोक म्हणायचे, डॉक्टरला दाखवा. तुम्ही म्हणायचात, मला कळतंय ना, मग झालं. तुम्ही माझ्या एका शब्दावर वर्ष काढलंत आणि कधी चुकला नाहीत म्हणे. मग मी चुकेन असं का वाटलं तुम्हाला? तुमचीच मुलगी ना मी? इतकी वर्षं मी काय शिकतेय मग, नुसत्या कादंबऱ्या?

खरं सांगते, मला इथून निघायचं नाहीये. हे लिहायला लाज वाटते. मला हे तास आवडतात, ही अडकणारी खिडकीसुद्धा आवडते. मधेच सोडलं तर वर्ष जाईल, आणि मी ते तुमच्यावर आयुष्यभर काढीन, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तेव्हा राहतेय. पण तुम्ही सांगितलंत म्हणून नाही, मला हवंय म्हणून. वसंताच्या सुट्टीत घरी येणार आहे, आणि त्याची परवानगी मागत नाहीये.

तोपर्यंत एक. या रविवारी फोन येईल. दादा तो तुमच्या कानाशी धरेल. तुम्ही उडवायचा नाही. रेकॉर्डिंग लावायचं नाही. तुम्ही "चला" म्हणायचं. रागाने म्हणा, कंटाळून म्हणा, मला हाकलायला म्हणा. मी उतरवून घेणार नाही, सरांना ऐकवणार नाही. काय म्हणायचंय ते मी विचारत राहीन, आणि चुकले तर पुन्हा म्हणा. आपल्याला घाई नाही.

तीर्थरूप लिहिलं की पुढे साष्टांग नमस्कार लिहायचा असतो. मुद्दाम लिहिलेला नाही. रविवारी तुम्ही बोललात की घालीन, इथेच, या खोलीत, फोन जमिनीवर ठेवून. नाही बोललात तर नाही घालणार. बघा मग.

भांडायला टपलेली,
तुमची वकील