अकरा गुंठ्यांत कोणाला बसवावे

मी मल्लिनाथ संगप्पा हलकुडे, वय ४७, शिक्षण बी.ए., धंदा डाळीची आडत, दोन वेळा नगरसेवक, राहणार उदगीर, जिल्हा लातूर. येत्या सोमवारी हैदराबादला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, भिण्याचे कारण नाही. तरीही हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, कोणाची बळजबरी नाही, आणि याआधी दुसरे मृत्युपत्र मी केलेले नाही.

कलम १. राहते घर व आडतीचे दुकान पत्नी मंजुश्री हिला. बँकेतील ठेवी मुलगी अक्षरा हिच्या शिक्षणासाठी. याबद्दल घरात वाद नाही.

कलम २. माझ्या तेवीस रोजनिश्या अक्षराला. तिने १९ एप्रिल २०१६ चे पान पाहावे. तिथे एवढेच आहे: "सकाळी समितीकडची एक तक्रार मिटवली. ऊन फार." यातला एकही शब्द खोटा नाही. खरे काय झाले ते कलम ४ मध्ये आहे.

कलम ३. कपाटातला अण्णारावाचा माफीनामा त्याचा त्याला परत द्यावा. २०११ च्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभा असताना त्याने चौकातल्या सभेत म्हटले होते, "ह्याचा बाप भालकीकडून पोतं पाठीवर घेऊन आला, आन् हा आपल्याला गावकी शिकवायलाय." लोक हसले. मी वकिलाची नोटीस धाडून त्याच्याकडून माफी लिहून घेतली. तो खरे बोलला होता. माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात कर्नाटक सीमेपलीकडून आले आणि डाळ मिलमध्ये हमाल झाले. घरी ते कन्नड बोलत. मी निवडणुकीला उभा राहिल्यावर त्यांना चारचौघांत कन्नड बोलू नका म्हणालो. त्यांनी ऐकले. मी मात्र भाषणात सांगत असे, "घराला उंबरा असतो, तसा गावालाही पाहिजे." टाळ्या पडत. ते मी मतांसाठीच म्हणत होतो असे नाही. मला ते पटत होते, आजही थोडे पटते. हे लपवून मरायचे नाही.

कलम ४. आमच्या लिंगायत समाजात मृताला जाळत नाहीत. हातात इष्टलिंग देऊन, बसवून पुरतात. आमच्या वस्तीच्या रुद्रभूमीत, म्हणजे दफनभूमीत, जागा कमी पडू लागली, तेव्हा मी समितीचा अध्यक्ष होतो. चाळीस वर्षांचा इथला रहिवास दाखवील त्यालाच जागा, हा नियम मी मांडला आणि मीच त्याखाली पहिली सही केली. निवडणूक सात महिन्यांवर होती.

१९ एप्रिलच्या त्या सकाळी, मिलमधला हमाल सिद्धलिंग वारला म्हणून त्याला त्याची बायको नागम्मा आणि चार माणसे घेऊन आली. मी फाटकावरच त्याचे रेशनकार्ड पाहिले. पत्ता सीमेपलीकडचा निघाला. मी नियम सांगितला. आवाज चढवला नाही, याचे मला तेव्हा बरे वाटले होते. तीन तास त्यांनी सिद्धलिंगला फाटकालगतच्या कडुलिंबाला टेकवून बसवले. मग टेम्पो करून गावाकडे नेले. मान कलू नये म्हणून नागम्माने ती वाटभर हातांनी सावरून धरली होती.

संध्याकाळी वडिलांनी विचारले, "मल्ल्या, मला कुठं बसवतूस?"

मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही इथलेच की."

"कवा झालो इथला? तारीख सांग."

पुढच्या वर्षी ते गेले. सहाशे माणसे जमली, आमदार आले. अप्पांचे रेशनकार्ड खिशात ठेवून मी दिवसभर हिंडत होतो. कोणी मागितले नाही. त्यानंतरही चार वर्षे मी अध्यक्ष होतो. नियम काढू शकलो असतो. काढला नाही. अजून एसटीत शेजारच्याची मान डुलकीने कलली की माझा हात आपोआप पुढे होतो, आणि लोक माझ्याकडे पाहतात.

कलम ५. जळकोट रस्त्यावरची माझी अकरा गुंठे जमीन अशा मृतांसाठी ठेवतो, ज्यांना कागदाअभावी दुसरीकडे जागा मिळत नाही. नगरपालिकेकडे परवानगीचा अर्ज दिला आहे; पाठपुरावा मंजुश्रीने करावा. तिथे माझ्या नावाची पाटी लावू नये, फोटो लावू नये. परवानगी आली तर मला तिथेच बसवावे, अप्पांच्या शेजारी नव्हे. मंजुश्रीला हे पसंत नाही. तिने विचारले, "मेल्यावरसुद्धा वॉर्डच बांधताय व्हय?" मी हा प्रश्न स्वतःलाही विचारून पाहिला. खात्रीने नाही म्हणता येत नाही.

ही जमीन आधी नागम्माच्या नावे करणार होतो. गेल्या महिन्यात तिला भेटलो. ती मिलमध्ये अजून डाळ निवडते. म्हणाली, "नगं. जमीन आली की कागद आला, कागद आला की तुमच्यासारखा कुणीतरी बघायला आला." मग मी तिला साक्षीदार होशील का विचारले. तिने डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"साक्षीला येते. माफ केलं म्हून लिहू नगा."

तसे लिहिलेले नाही.

दुरुस्ती: सही करण्याआधी वरील मजकूर ॲड. सुदर्शन यांनी नागम्माला वाचून दाखवला. कलम ४ मध्ये 'तीन तास' आहे तिथे 'सहा तास' वाचावे. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत: "तीन तासांनी तुम्ही 'बघतो' म्हणून गाडीवर गेलता. तुम्ही परत येताव म्हणून आम्ही त्याला तसंच बसवून ठिवलं."

मी असे म्हणालो होतो, हे मला आठवत नाही. दुरुस्ती मान्य.

लिहून ठेवणार: मल्लिनाथ संगप्पा हलकुडे (सही)

साक्षीदार:
१. ॲड. सुदर्शन शेषेराव, उदगीर (सही)
२. नागम्मा सिद्धलिंग, उदगीर (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: उदगीर
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५